‘जुने सिनेमे संस्कारी होते’ म्हणणाऱ्यांनी ‘कुंकू’ पाहिलाय का?

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या मराठी सिनेमात राजकारण नव्हतं, निखळ भक्ती आणि करमणूक होती, त्यातली बाई नवऱ्याला उलट बोलत नसे, सरकारवर कात्री लावायची वेळ कधी आलीच नाही, आणि इतिहास पडद्यावर जसाच्या तसा दिसायचा. मामांनी तो दोनदा टाकला, तेव्हा मी गप्प राहिले. पण परवा ताईची मुलगी, नववीतली, शाळेतल्या भाषणासाठी तोच मजकूर वहीत उतरवून पाठ करताना दिसली. ‘जुन्या चित्रपटांतील स्त्री सोशिक होती, म्हणून घरं टिकली’ या वाक्याखाली तिने लाल पेनाने रेघ मारली होती. आता गप्प बसवत नाही.

त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं.

मजकुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनीचं नाव मोठ्या आदराने घेतलंय. मग प्रभातचाच ‘कुंकू’ घेऊ. साल १९३७, दिग्दर्शन व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांची. नीरेला फसवून, पैशासाठी, एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलं जातं. आणि ही नीरा काय करते? सोसते? ती त्या लग्नाला लग्नच मानत नाही. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. सावत्र मुलगा तिच्या अंगचटीला येतो, तेव्हा छडी उचलून त्याला फोडून काढते. शांता आपट्यांचा त्या दृश्यातला आवेश एकदा पाहाच, मग ‘सोशिक’ हा शब्द तोंडातून निघणार नाही.

रविवारी मी भाचीला शेजारी बसवून हा सिनेमा दाखवला. छडीच्या दृश्याला ती सावरून बसली. शेवटी काकासाहेब, म्हणजे तो म्हातारा नवरा, स्वतःचा जीव देतात आणि जाताना नीरेला दुसरं लग्न करायला सांगतात. भाचीने विचारलं, “पण मावशी, तिने सरळ घटस्फोट का नाही घेतला?”

सगळं उत्तर याच प्रश्नात आहे. १९३७ साली मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागायचा कायदाच नव्हता, तो आला १९४७ साली. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत काडीमोडाची रीतही नव्हती. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, पण चौदा ओलांडलेल्या मुलीला साठीच्या माणसाशी लावून द्यायला त्याने कुठे अडवलं होतं? नीरेपुढे एकही दार उघडं नव्हतं. म्हणून कथेला नवऱ्याचा मृत्यू लागतो. तो शेवट आज आपल्याला अवघडल्यासारखा वाटतो, तो त्या काळाच्या कायद्यामुळे. जरठ-बाला विवाहाचा हाच विषय देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ नाटकात मांडला होता, पण शारदेला सोडवायला दुसऱ्या कुणाला तरी धावून यावं लागतं. अडतीस वर्षांनी नीरा स्वतः नकार देते. मधल्या काळात मुली शाळा-कॉलेजात गेल्या होत्या, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आल्या होत्या. काकासाहेबांच्या मुलीचं काम केलंय शकुंतला परांजपे यांनी. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या आणि पुढे संततिनियमनासाठी आयुष्यभर झटलेल्या बाई त्या. आणि खुद्द शांता आपटे १९३९ साली कराराच्या वादावरून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. या बायकांना सोशिक म्हणून मुलींपुढे ठेवायचं? हे धडधडीत खोटं आहे.

एक मान्य करते, मनाविरुद्ध. सोशिक नायिका तेव्हा होत्या, भरपूर होत्या. प्रभातच्याच ‘माणूस’मध्ये (१९३९) वेश्यावस्तीतल्या मैनेला गणपत शिपायाशी संसार करायला मिळत नाहीच. पण म्हणून घरं टिकली, हे कुठून आलं?

आता ‘राजकारण नव्हतं, सेन्सॉर नव्हता’. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८चा. १९२१ साली ‘भक्त विदुर’ आला, त्यातल्या विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर गांधी टोपी होती. मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. १९३०च्या शिवचरित्रपटाच्या नावात ‘स्वराज्य’ होतं, ते सरकारला खुपलं आणि सिनेमा ‘उदयकाल’ झाला. १९३५ साली बालगंधर्व एकनाथ झाले, त्या सिनेमाचं ठरलेलं नाव होतं ‘महात्मा’. सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. त्यात एकनाथ अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवतात. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून सुरू होता, आणि १९३५च्याच ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्या वर्षी थिएटरात बसलेल्या माणसाला ती पंगत निव्वळ भक्ती वाटली असेल, हे कसं मानायचं? १९४१चा ‘शेजारी’ही तसाच. एका गावातले जिवलग हिंदू आणि मुसलमान शेजारी, धरणावरून त्यांच्यात पाडलेली फूट. मुसलमानांसाठी वेगळ्या राष्ट्राची मागणी करणारा मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव त्याच्या आदल्या वर्षीचा.

राहिला इतिहास जसाच्या तसा दाखवण्याचा मुद्दा. आजचे बरेच ऐतिहासिक सिनेमे आजच्या राजकारणाला सोयीचा इतिहास दाखवतात, ही तक्रार खरी आहे, माझीही आहे. पण ‘उदयकाल’मधले शिवाजी महाराजही मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षातल्या प्रेक्षकांशीच बोलत होते. फरक एवढाच की तेव्हा ते बोलणं सत्तेच्या विरोधात होतं आणि त्याची किंमत निर्मात्याला मोजावी लागत होती.

भाचीने ते वाक्य खोडलंय. भाषण आता नीरेवर करायचं म्हणतेय, आणि १९४७च्या त्या कायद्याबद्दल आणखी काय वाचू, असं विचारत होती. मामा, तो मजकूर तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, तिथे हेही टाका.