पॅरालीगल सर्टिफिकेटवर वकिली करता येत नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. बारावी झालेल्यांनी सहा महिन्यांचं 'सरकारमान्य' पॅरालीगल (म्हणजे वकिलाच्या कामातला मदतनीस) सर्टिफिकेट करावं, फी 24 हजार, तीन हप्त्यांत. मग म्हणे कोर्टात उभं राहता येतं, स्वतःचं कायदा सल्ला केंद्र काढता येतं, नोटरी होता येतं, विधी सेवा प्राधिकरणात (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) थेट नेमणूक मिळते, 'शंभर टक्के नोकरी' लागते आणि महिन्याला 40 हजार सुटतात. माझ्या भाचीने पहिला हप्ता भरायची तयारी केली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सर्वांत घातक दावा कोर्टात उभं राहण्याचा आणि सल्ला केंद्राचा आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 चं कलम 29 सांगतं की वकिलीचा व्यवसाय फक्त सनद (वकिलीचा परवाना) असलेले वकीलच करू शकतात. कलम 33 कोर्टापुरतं तेच पुन्हा बजावतं आणि कलम 45 प्रमाणे हक्क नसताना कोर्टात किंवा प्राधिकरणापुढे वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 32 मध्ये एक अपवाद आहे: एखाद्या ठरावीक खटल्यात न्यायालय बिगरवकिलाला परवानगी देऊ शकतं. पण ती त्या एका खटल्यापुरती असते, तिच्यावर धंदा उभा राहत नाही.

'कोर्टात नाही, ऑफिसात बसून फक्त सल्ला देणार' हीसुद्धा पळवाट नाही. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि 2018 मध्ये ए. के. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वकिलीत कोर्टाबाहेरचं कामही येतं. दोन्ही निकाल परदेशी लॉ फर्म्सबद्दल होते. पण मोठमोठ्या फर्म्सना जे सनदेशिवाय करता येत नाही, ते तालुक्याच्या ठिकाणी सर्टिफिकेट भिंतीला लावून कसं करता येईल?

यात खड्ड्यात जातो तो पक्षकार. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या, कारण 'सोपं काम' म्हणून हेच पुढे केलं जातं. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस मिळतात. त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार दाखल करायची. पंधरा दिवस संपायच्या आत दाखल केली तर ती टिकत नाही. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच हवी. चेक दीड लाखाचा असताना व्याज आणि खर्च मिसळून 'दोन लाख द्या' अशी एकच ढोबळ रक्कम लिहिली, तर नोटीसच बाद ठरते, आणि हे लक्षात येईपर्यंत 30 दिवस उलटून गेलेले असतात. वकिलाने अशी चूक केली तर त्याच्याविरुद्ध बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, जाता येतं. सर्टिफिकेटवाल्याविरुद्ध तसं कुठे जाणार?

कोर्टात उभं राहण्याचा हा दावा आला कुठून, तर बहुधा परदेशातून. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात पॅरालीगलना लॉ सोसायटीचा (तिथल्या वकिलांच्या नियामक संस्थेचा) परवाना मिळतो आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, ते खरोखर बाजू मांडतात. आपल्याकडे असा परवानाच अस्तित्वात नाही.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. ग्राहक आयोगापुढे बिगरवकील प्रतिनिधी उभा राहू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केलं आहे. पण 2014 च्या विनियमांप्रमाणे त्याचा पक्षकाराशी आधीपासून संबंध हवा, म्हणजे नातेवाईक, शेजारी, मित्र वगैरे, आणि त्याने मोबदला घेता कामा नये. सर्टिफिकेट तर तिथे कोणी विचारतही नाही.

नोटरीचा दावा एका ओळीत संपतो: त्यासाठी किमान 10 वर्षांची वकिली लागते, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना 7 वर्षांची.

'विधी सेवा प्राधिकरणात थेट नेमणूक' हे वाचून तर संतापच येतो, कारण इथे फुकट मिळणारी गोष्ट विकली जाते आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे विधी स्वयंसेवक, स्वतः निवडतं आणि स्वतःच प्रशिक्षण देतं. त्याला फी नाही. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) योजनेत अपेक्षा एवढीच की माणूस साक्षर, शक्यतो मॅट्रिक असावा. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी यांना त्यात बोलावलं जातं. ती नोकरी नव्हे. काम दिलं त्या दिवसाचं मानधन मिळतं, पगार नाही. ज्यांना हे काम मनापासून करायचंय त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अर्ज कधी घेतात ते विचारावं.

'सरकारमान्य' हा शब्द नीट तपासा. त्याच्या पुराव्यादाखल उद्यम नोंदणी किंवा आयएसओ प्रमाणपत्र दाखवलं, तर फसू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, कोणीही ऑनलाइन, विनाशुल्क, स्वतःच्या घोषणेवर काढू शकतो. आयएसओ 9001 संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीबद्दल असतं. यातल्या कशानेही अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. विद्यापीठाचाच हवा असेल तर इग्नूचा एक वर्षाचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीनंतर करता येतो. सनद मात्र त्यानेही मिळत नाही.

राहिला पगार. नवख्या माणसाला खरं काम मिळतं ते वकिलाच्या ऑफिसात: वकालतनाम्याला कोर्ट फी स्टॅम्प लावणं, दस्तऐवज यादी करून पानांना क्रमांक घालणं, नकलेचा अर्ज, समन्सचा भत्ता भरून बेलिफाचा अहवाल आला का ते बघणं, रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची रोजची नोंद) वाचून पुढची तारीख डायरीत घालणं, सीएनआर नंबरवरून (प्रत्येक प्रकरणाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) प्रकरण शोधणं, ई-फायलिंगसाठी पीडीएफ तयार करणं. हे वकिलाच्या हाताखाली शिकता येतं, आणि तिथे भाव सर्टिफिकेटला नाही, टायपिंगला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी भरती काढली, तीत कनिष्ठ लिपिकाला पदवी हवी होती, प्राधान्य कायद्याच्या पदवीला, आणि टायपिंग इंग्रजी 40 व मराठी 30 शब्द प्रति मिनिट. पॅरालीगल सर्टिफिकेटचा त्यात उल्लेख नाही. म्हणून आधी राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षा द्या. खरंच वकील व्हायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी आहे. सनदेची नोंदणी फी तर सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर खुल्या गटाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांहून जास्त घेताच येत नाही.

एवढं वाचूनही कोर्स करायचाच असेल तर आधी नोट्स मागून बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. नोट्समध्ये एफआयआर अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 खालीच असेल आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा पत्ता नसेल, किंवा व्हॉट्सॲप चॅट पुरावा म्हणून देताना लागणाऱ्या, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राचा नमुना नसेल, तर शिकवणारे जुन्याच पुस्तकावर आहेत. आणि 'शंभर टक्के नोकरी'चं आश्वासन पदाचं नाव, पगार आणि फी परतीच्या अटीसह संस्थेच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून घ्या. दिलं नाही तर हप्ता भरू नका.