धाव बडोद्याची, पासपोर्ट कुठला?

बडोद्याची मॅरेथॉन जवळ आली की दांडिया बाजारात तोच वाद रंगतो: समाजसेवी संस्थेला पैसे द्यायचेत ना, मग सरळ द्या, त्यासाठी ४२ किलोमीटर पळायचं नाटक कशाला? लंडनमधून ऐकताना वाटतं, आक्षेपच उलटा आहे. पळणं हे मागण्याचं निमित्त. आपल्याकडे लोक पळतात, मागतच नाहीत.

लंडन मॅरेथॉनमध्ये संस्था धावण्याच्या जागा विकत घेतात आणि त्या बदल्यात धावणाऱ्याकडून साधारण २००० पौंड जमवून घेतात. आपल्याकडे प्रवेश शुल्क भरलं की दान झालं, असं समजून मंडळी मोकळी होतात. त्या शुल्कातून टी-शर्ट, वेळ मोजणारी चिप, पाणी आणि पदक यांचाही खर्च निघायचा असतो, हे कोण लक्षात घेतो?

मागायची रीत सरावासारखीच, १६ आठवडे आधी सुरू करायची. ग्रुपवर आवाहन टाकलं की अंगठे भरपूर, पैसे शून्य. म्हणून आधी जवळच्या दहाजणांना एकेकट्याला विचारावं, आकडा सांगून आणि तो कशासाठी तेही सांगून. पहिली नोंद मोठ्या रकमेची असू द्या. पुढचे लोक तीच पाहून हात सैल सोडतात किंवा आखडतात. दुसरी हाक शर्यतीआधी तीन आठवडे, ३० किलोमीटरचा लाँग रन झाल्यावर. तिसरी शर्यतीनंतर, वेळ कळवताना. ही बहुतेक जण विसरतात.

पावतीचं मात्र आधी पाहावं. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही.

खरी गफलत परदेशातल्या आप्तांच्या पैशांत होते. भारतीय पासपोर्टवाल्या काकांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. ब्रिटिश नागरिक झालेल्या आत्याची ठरते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. तिचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी जमा व्हायला हवेत. मध्ये इंग्लंडमधली नोंदणीकृत संस्था घातली तरी ही अट सुटत नाही. फायदा एवढाच की आत्या तिथे कर भरत असेल आणि तिने गिफ्ट एड या तिथल्या कर-योजनेचा जाहीरनामा भरला, तर त्या इंग्लंडमधल्या संस्थेला १०० पौंडांचे १२५ मिळतात.