"आधार आहे तर दारोदार कशाला?" या कमेंटला माझं उत्तर

जनगणनेवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी कमेंट टाकलीय. ती आधी जशीच्या तशी देते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी सोयीचं तेवढंच उचललं.

"बाई, डेन्मार्क १९८१ पासून घरोघरी न जाता कॉम्प्युटरवरून जनगणना करतोय. आपल्याकडे आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादी आहे, तरी तुम्हाला मास्तरांना उन्हातान्हात दारोदार फिरवायचंय. निकाल यायला वर्षं लागतात, पैसा जातो तो वेगळाच. लेखात गहिवर फार, अभ्यास कमी."

अभ्यास कमी हे एकवेळ ऐकून घेईन, पण "गहिवर" कशाला? मी प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघर जाऊन मोजणारी शिक्षिका म्हणून, जे पाहिलं ते लिहिलं होतं. हेच एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यानं लिहिलं असतं तर तुम्ही त्याला अनुभवाचे बोल म्हणाला असतात, बाईनं लिहिलं की गहिवर. आणि "मास्तरांना फिरवायचंय" म्हणजे काय हो? त्या मास्तरांमध्ये मीच होते. उन्हात मीच फिरले. तुम्ही माझी कीव करून मलाच गप्प बसवताय, हे तुमच्या लक्षात तरी आलं का?

एक मुद्दा मान्य, निकालाला फार वेळ लागतो. २०११च्या जनगणनेतली मातृभाषेची आकडेवारी २०१८मध्ये बाहेर आली, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण फॉर्म गोळा झाल्यावर पुढचं काम रेंगाळलं त्याचा दोष दार वाजवणाऱ्यावर का टाकताय?

आता डेन्मार्क. कागदोपत्री नोंदींवरून संपूर्ण जनगणना करणारा तो पहिला देश, वर्षही तुम्ही बरोबर दिलंय. पण १९८१च्या आधी तिथं काय होतं ते तुम्ही सोडून दिलंत. रहिवाशांची नोंदवही तिथल्या नगरपालिका १९२४ पासून ठेवतायत, १९६८ला ती देशभर एक झाली आणि प्रत्येकाला एक नंबर मिळाला. घर बदललं की पाच दिवसांच्या आत पालिकेला कळवायचं, हा कायदा आहे. लोक तो पाळतातही, कारण डॉक्टर, पगार, टॅक्स, मुलाची शाळा सगळं त्याच नंबरावर आणि त्याच पत्त्यावर चालतं. म्हणजे माणूस हलला की नोंद हलते. सगळी गंमत त्या एका गोष्टीत आहे, कॉम्प्युटर नंतर येतो.

नॉर्वेची मध्यवर्ती नोंदवही १९६४ची, ती उभी राहिली १९६०च्या जनगणनेवरून. फिनलंडनं घरांची नोंदवही १९८०च्या जनगणनेवरून बनवली आणि त्यानंतर दहा वर्षांनी पूर्ण नोंदींवर गेले. सगळे आधी लोकांपर्यंत जाऊन मोजूनच आले आणि मग नोंदींवर विसंबले, हे तुमच्या "अभ्यासात" दिसलं नाही.

आणि जर्मनी बघा ना. राहायला आलात की नोंद करा, गेलात की रद्द करा, ही तिथं सक्ती. तरी २०११ला नोंदींवर आधारलेली जनगणना करताना त्यांनी जवळजवळ दहा टक्के लोकांकडे माणसं पाठवली, नोंदीतला माणूस खरंच तिथं राहतो का हे बघायला. निकाल आला तर लोकसंख्या आधी धरली होती त्यापेक्षा साधारण १५ लाखांनी कमी भरली! परदेशातून आलेले कितीतरी लोक आपापल्या देशी परतले होते आणि कागदावर तिथंच राहत होते. ही जर्मनीची गत, आणि तुम्ही मला रेशनकार्ड दाखवताय.

रेशनकार्ड हे धान्य कुणाला द्यायचं त्याचा कागद आहे, मतदारयादी मत कुठं द्यायचं त्याची. माझे दीर हडपसरला राहून आता केस पांढरे झाले त्यांचे, पण नाव गावच्या मतदारयादीत, रेशनकार्डावर आणि आधारच्या पत्त्यावर गावच. त्यात त्यांचा काही गुन्हा नाही, त्यांना कुणी बदलायला लावलंच नाही, आणि बदललं तर गावचं काहीतरी हातचं जाईल ही भीती. आता सांगा, त्यांना पाणी, रस्ता, दवाखाना कुठला लागतो? हडपसरचा. मोजणार कुठं? गावात. असे किती असतील पुण्यात? २०११ला पुणे जिल्ह्याचीच लोकसंख्या ९४ लाख होती, अख्ख्या डेन्मार्कची आजही ६० लाखांच्या आसपास आहे.

आणि ज्याला तुम्ही गहिवर म्हणालात ते आता सविस्तरच सांगते. २०११ला मी सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत होते, गणना ९ ते २८ फेब्रुवारी, म्हणजे ऐन गाळप हंगाम. माझ्या भागात कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या उतरलेल्या, बीडकडच्या, कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या टाकून. नवराबायको पहाटेच फडात गेलेली असायची, त्यामुळं मी अंधार पडल्यावर जायचे, मुकादमाला बरोबर घेऊन. त्यांची रेशनकार्डं गावाकडं, म्हाताऱ्या सासूच्या ट्रंकेत. नियम असा होता की गणनेचा सगळा काळ माणूस घरापासून लांब असेल तर तो जिथं आहे तिथं मोजायचा, म्हणून मी मोजले. एका कोपीत तान्हं बाळ होतं, जन्म तिथंच झालेला, दाखला नाही, कुठल्याच रजिस्टरला त्याचं नाव नाही. माझ्या फॉर्मवर मात्र त्याची स्वतंत्र ओळ झाली. तुमच्या कॉम्प्युटरनं हे बाळ कुठून आणलं असतं? मला खरंच उत्तर हवंय, कारण कमेंटमध्ये ते कुठं सापडलं नाही.

हा झाला नोंदीत नसलेला. नोंदीत आहे पण जगात नाही, असेही आहेत. २०२५ला आधार प्राधिकरणानंच सांगितलं की वारलेल्या लोकांचे दोन कोटींवर नंबर बंद केले. चांगलं काम झालं, पण तोवर ते चालूच होते ना? शिवाय आधारच्या कायद्यातच लिहिलंय की त्यात धर्म, जात, भाषा, उत्पन्न यांची माहिती घ्यायची नाही. मग २०२७ची जातीची गणना आणि मातृभाषा कुठल्या कार्डावरून काढणार?

पैशाचं म्हणाल तर चुकीच्या आकड्यावर धान्य आणि शिक्षक वाटण्यात जातो तोही पैसाच, यावर जास्त लिहीत नाही. बाकी तुम्ही जे लेखनशैलीबद्दल म्हणालात ते तुमच्यापाशी ठेवा.

एक मात्र लिहायलाच हवं कारण ते तुमच्या डोक्यात आलेलंच दिसत नाही. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नं प्रगणकानं लिहिलेलं कुणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्या कोपीतली बाई मला सगळं खरं सांगत होती, कारण मी तिला शपथेवर सांगितलं होतं की यावरून तुझं काही काढून घेणार नाहीत. सगळी कार्डं एकमेकांना जोडून मोजायला लागलात तर हा शब्द तिला कोण देणार?

तुम्हाला नोंदींवरच जायचं असेल तर जाऊ, माझा विरोध नाही. आधी घर बदलल्याची नोंद सक्तीची करा, ती करायला बाईमाणसाला तालुक्याच्या चकरा माराव्या लागणार नाहीत एवढं बघा, जन्ममृत्यूची नोंद कोपीपर्यंत पोचवा. मग ऊसतोडीचा एक तालुका घ्या आणि फेब्रुवारीत दोन्ही पद्धतींनी मोजा. आकडे जुळले तर मी इथंच तसं लिहीन. तोवर लेख आहे तसाच राहील, तुमची कमेंटही मी काढणार नाही.