दहा बघितलेलं सोयाबीन

आमच्या लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पैशामागच्या मनाचं शास्त्र 1979 साली अमेरिकेत जन्मलं, आपल्याकडं साधा माणूस मोबाईल आल्यावर शेअरकडं वळला, हे शास्त्र शिकलेला बुडत नाही, आणि पडत्या भावात माल घालणारा शेतकरी अडाणी.

या शास्त्रातला 1979 चा गाजलेला निबंध डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा, हे खरं. पण त्यांची जोडी जमली जेरुसलेमला. दुखणं तर फारच जुनं. जोसेफ दे ला व्हेगानं 1688 मध्येच ॲमस्टरडॅमच्या शेअरबाजारावर संवादरूपात पुस्तक लिहिलं, त्यात बाजारातली हाव आणि भीती दोन्ही आहेत. कानेमन-ट्वेर्स्कींनी दाखवलं ते एवढं, की माणूस नफा-तोटा मनातल्या एका खुणेपासून मोजतो आणि तोटा त्याला जास्त झोंबतो.

ती खूण मी घरातच पाहिली. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. नवी आवक आली आणि भाव कोसळला. चुलत्यांनी ओसरीत थप्पी लावली. आडत्याचा फोन आला की म्हणायचे, “दहा बघितलंय की रं, आता सहानं कसं घालू?” दहानं त्यांनी स्वतः एक दाणा विकला नव्हता! 2024 मध्ये हमीभाव 4,892 आणि बाजार त्याच्याही खाली, तरी तोंडी दहाच.

मोबाईलचं म्हणणं सपशेल चूक. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाचा भाव चढून मुंबईत पैसा आला आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांमागं लोक लागले. युद्ध संपलं, कापूस पडला. 1 जुलै 1865 ला वायद्यांचा, म्हणजे पुढच्या तारखेला पुरे करायच्या सौद्यांचा, हिशोब द्यायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखे बडे व्यापारीही आडवे झाले. मुंबईच्या शेअर दलालांची संघटना झाली 1875 ला. त्याआधी बुडूनही झालं होतं.

शिकलेला बुडत नाही? 1720 मध्ये इंग्लंडात साउथ सी कंपनीचे शेअर फुग्यासारखे फुगून फुटले, त्यात शास्त्रज्ञ न्यूटननं आधी नफा काढला, पुन्हा शिरला आणि पैसे घालवले. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शन्समधले, म्हणजे पुढच्या भावावर सौदे करणारे, 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले.

राहिला अडाणी शेतकरी. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचे चार कट्टे घेऊन आडतीत येणाऱ्याला पुढं भाव वाढेल हे कळतं. पण खताच्या दुकानाची उधारी आणि मळणीवाल्याचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे असतात. विक्रीच्या हिशोबाची पट्टी आणि पैसे हातात पडले की तो थेट तिकडंच जातो. यात मनाचा दोष कुठला?