व्हायरस आला, फॉरमॅट मारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा-पिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत काळ्या मारबतीला कोणी पिवळी म्हटलं, तर इतवारीत त्याला कोणी उभं करणार नाही. सोबतच्या बडग्यांचे पुतळे तर दरवर्षी नवे, महागाईचा वेगळा आणि भ्रष्टाचाराचा वेगळा. पिडांच्या बाबतीत इतकं काटेकोर असलेलं माझं नागपूर कंप्युटरपुढे बसलं की मात्र एकच नाव घेतं. "व्हायरस घुसला ना जी!" स्क्रीन अडकली, व्हायरस. प्रिंटर कागद ओढेना, व्हायरस. उपायही एकच, सगळं पुसणारा, "फॉरमॅट मारून टाका." घरोघरी कंप्युटर 'कळणारा' एक बकरा असतो. आमच्या गोतावळ्यात तो मी.

खरा व्हायरस आता तसा विरळाच. तो दुसऱ्या कशाला तरी चिकटून राहतो आणि ते चालवल्याशिवाय हलत नाही. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी काढलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कंप्युटर सुरू होताना आधी वाचतो त्या भागात, बसायचा, आणि त्यात त्या दोघांनी आपलं नाव, पत्ता, फोन नंबर रीतसर लिहून ठेवला होता. एवढी सभ्यता पुढच्यांनी पाळली नाही. वर्म नेटवर्कवरून आपला आपण पसरतो, कोणी दार उघडायची वाट पाहत नाही. ट्रोजन उलटा. त्याला आपणच पाट मांडून बसवतो, कारण तो फुकटातल्या गाण्याचं किंवा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन येतो.

आपल्याकडचा लाडका प्रकार म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर बसून येणारा. फोल्डरच्या जागी बाण काढलेलं एक-दोन केबीचं शॉर्टकट दिसतं. डबल क्लिक केलं की आधी तो स्वतः चालतो, मग तुमचं फोल्डरही उघडून देतो, म्हणजे शंका नको. खऱ्या फाइली तिथंच असतात, फक्त लपवलेल्या. लोक घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारतात आणि व्हायरसनं जे केलं नव्हतं ते स्वतः करून ठेवतात. आधी कंप्युटर स्कॅन करून साफ करायचा, नाहीतर ड्राइव्ह लावताच पुन्हा तेच. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, एक ओळ टाकायची. ती काकांना फोनवर सांगणं ही शिक्षा आहे: "अ‍ॅट्रिब लिहा. जागा सोडा. उणे एच. एच हो, हत्तीचा. जागा. उणे आर. जागा. उणे एस. जागा. सरळा स्लॅश, एस. जागा. सरळा स्लॅश, डी. जागा. आता ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, चांदणी, टिंब, चांदणी." पलीकडून प्रश्न येतो, "चांदणी कोणची जी?" फाइली दिसू लागल्या की ती शॉर्टकटं आणि आगंतुक स्क्रिप्ट फाइल उडवायची.

लग्नसराईत मोबाइलवर 'पत्रिका' येते. फाइलच्या नावाचं शेपूट एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे. लग्नाला बोलवायला एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते, हे कोणी विचारत नाही. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी दुसराच वाचतो. इन्स्टॉल झालंच असेल तर पहिलं एअरप्लेन मोड, वाय-फायसुद्धा बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवायचं. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. अ‍ॅप निघत नसेल तर त्यानं डिव्हाइस अ‍ॅडमिन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या ताबा देणाऱ्या परवानग्या बळकावलेल्या असतात. बाहेरून टाकलेली अ‍ॅप बंद ठेवणाऱ्या सेफ मोडमध्ये जाऊन त्या आधी काढायच्या, मग अ‍ॅप. फोटो वाचवून फॅक्टरी रिसेट केलेला बरा. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदलायचे.

रॅन्समवेअर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतं. १२ मे २०१७ ला पसरू लागलेला वॉनाक्राय वर्मही होता आणि खंडणीखोरही, म्हणजे काळी-पिवळी एकाच रथावर. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. पण 'नंतर आठवण करा' हे बटण आमचं आवडतं. अशा वेळी आधी नेटवर्कची वायर काढा. कुलूपबंद फाइली जपून ठेवा, काही जातींच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आणि बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवली असेल तर तिलाही तेच कुलूप बसतं. बॅकअप घेऊन झाला की डिस्क काढून कपाटात.

राहिला मे महिन्यातला व्हायरस. पारा पंचेचाळिशीला टेकला की कंप्युटर दुपारी आपोआप बंद पडतो, आणि रात्री कूलरसमोर शहाण्यासारखा चालतो. हा बहुतेक वेळा व्हायरस नसतो. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांत वर्षभराची धूळ आणि कूलरच्या दमटपणानं तिचा झालेला नमदा असतो. प्रोसेसर जळू नये म्हणून मशीन स्वतःच मान टाकतं. वायर काढा, कॅबिनेटची बाजू उघडा, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. धरला नाही तर हवेनं तो भलत्या वेगात फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट सुकली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. त्यानंतर मशीन दिवसभर चालतं, आणि काका सगळ्यांना सांगतात की नव्या अँटीव्हायरसनं कमाल केली.