नगरसेवकाला प्रश्न विचारला म्हणून आरोपी?

माझ्या पुण्यातल्या मावसभावाला गेल्या महिन्यात वकिलाची नोटीस आली, अब्रुनुकसानीची. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने एवढंच लिहिलं होतं की समोरचा रस्ता वर्षात तीनदा खोदला, बिलं कोणाच्या नावाने निघाली ते माजी नगरसेवकांनी सांगावं. मावशी रात्रभर झोपली नाही. मला फोनवर म्हणाली, "तू तिकडे बसून स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगू नकोस, त्याला म्हणावं माफी माग आणि मिटव."

मी पंधरा वर्षं न्यू जर्सीत राहतोय. इथे टाउन कौन्सिलच्या मीटिंगला लोक माइकवरून मेयरला तोंडावर सुनावतात, कधीकधी चुकीचंही बोलतात, पण नोटिशीची भीती कोणाला नसते. इथली माणसं मोठ्या मनाची आहेत म्हणून नाही, १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे म्हणून. न्यूयॉर्क टाइम्समध्ये नागरी हक्क चळवळीची एक जाहिरात आली होती, त्यावरून अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या सलिव्हन नावाच्या आयुक्तांनी केस टाकली, त्यांच्याकडे पोलीस खातं होतं, जाहिरातीत त्यांचं नावही नव्हतं. चुका मात्र होत्या, मार्टिन ल्यूथर किंगना चारदा अटक झालेली तिथे सातदा छापलं, विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीत म्हटलं तर दुसरंच गाणं लिहिलं. ज्युरीने ५ लाख डॉलर भरपाई दिली. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, म्हटलं की पदावरच्या माणसाला भरपाई हवी असेल तर त्यानेच सिद्ध करावं की बोलणाऱ्याला हे खोटं आहे हे माहीत होतं, किंवा खऱ्याखोट्याची त्याने पर्वाच केली नाही.

मावसभाऊ विचारतो, मग तुमच्याकडे कोणीही काहीही बरळेल की! नाही ना. २०२३ मध्ये फॉक्स न्यूजने मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियनला ७८.७५ कोटी डॉलर देऊन केस मिटवली, कारण चॅनेलवाल्यांच्या आपापसातल्या मेसेजमधूनच दिसत होतं की यंत्रांनी निवडणुकीत मतं फिरवली या चॅनेलवरच्या आरोपांवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

आपल्याकडे १९९४ च्या राजगोपाल केसमध्ये सुप्रीम कोर्ट याच वाटेने गेलं होतं, पण ते भरपाईच्या दाव्यांबद्दल. अब्रुनुकसानीचं फौजदारी कलम २०१६ मध्ये कोर्टाने वैध ठरवलं आणि नव्या न्याय संहितेतही ते ३५६ म्हणून आहेच, दोन वर्षांपर्यंत कैद. त्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. सद्भावनेने टीका करायची मुभा आहे, पण ती सद्भावना सिद्ध करायला आधी आरोपी म्हणून तारखांना उभं राहायचं, नोकरी सांभाळून.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांवर लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. ज्या पत्रांवर विसंबून लिहिलं ती बनावट निघाली. चूक झाली, मान्य, पण पत्रं खरी आहेत असं समजून छापणाऱ्याला तुरुंग? मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटतं आणि आत्ताही.

एका ठिकाणी मात्र मी अडतो. न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचा फोटो एका चॅनेलने चुकून घोटाळ्याच्या बातमीत दाखवला, साधारण पंधरा सेकंद, आणि २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने १०० कोटींची भरपाई ठोठावली. आकडा मला अफाट वाटतो, पण आयुष्यभर जपलेलं नाव असं मळलं तर दाद मागायला जागा हवीच, म्हणून दिवाणी दावा राहू दे. तुरुंग तेवढा काढा.

मावसभावाला मी सांगितलंय, माफीबिफी लिहून देऊ नकोस, आधी आरटीआय टाकून त्या तिन्ही बिलांच्या कॉप्या काढ, वकिलाची फी मी पाठवतो. मावशीशी मी बोलतो.