हिपॅटायटिस सी : एक अहवाल आणि त्यावरून काढले जाणारे चुकीचे निष्कर्ष

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, हर्नियाची असो किंवा बाळंतपण असो, रुग्णालयात दाखल होताना रक्ताच्या ज्या तपासण्या होतात त्यांत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिन्ही बहुधा असतात. शेवटची तपासणी, म्हणजे अँटी-एचसीव्ही, यकृताला बाधणाऱ्या सी विषाणूच्या संसर्गासाठी असते, आणि तिच्यापुढे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे पॉझिटिव्ह) असे छापून आले की घरच्यांच्या हाती समाजमाध्यमांवरून फिरणारा एक मजकूर पडतो. त्याचा गोषवारा असा : अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू रक्तात आहे आणि तो मरेपर्यंत राहणार, निगेटिव्ह आली तर चिंता संपली, एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी नॉर्मल असेल तर पॉझिटिव्ह अहवालाकडेही दुर्लक्ष करावे, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा, आकडा जेवढा मोठा तेवढे यकृत खराब, औषधे घेतल्यावरही तपासणी पॉझिटिव्हच येते, म्हणजे औषधांचा उपयोग नाही, काविळीची लस घेतलेल्याला या तपासणीची गरज नाही, आणि विषाणू थेट शोधणारी पीसीआर ही प्रयोगशाळांनी कमाईसाठी काढलेली तपासणी आहे. हे दावे परस्परांशीही जुळत नाहीत, कारण एक दावा अकारण घाबरवतो तर दुसरा अकारण निर्धास्त करतो, पण दोन्हींमुळे नुकसान रुग्णाचेच होते.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे बरेचसे त्याच्याच आधाराने उभे आहेत. अँटी-एचसीव्ही ही तपासणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात आहेत का एवढेच ती पाहते. कार्डावर रेघ उमटवणारी झटपट तपासणी असो, एलायझा असो वा मोठ्या यंत्रावरची सीएलआयए असो, तिन्हींचे तत्त्व हेच आहे. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत कोणत्याही औषधाविना नाहीसा होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विषाणू गेला तरी प्रतिपिंडे मात्र वर्षानुवर्षे, अनेकांत आयुष्यभर, रक्तात राहतात. त्यामुळे खऱ्या अर्थाने पॉझिटिव्ह असलेल्या अनेकांच्या रक्तात आज विषाणूचा मागमूसही नसतो.

शिवाय काही अहवाल मुळातच खोटे पॉझिटिव्ह असतात, आणि ते किती असतील हे तपासणीच्या दर्जाइतकेच तपासल्या जाणाऱ्या माणसांवरही अवलंबून असते. समजा, शंभर निरोगी माणसांपैकी नव्व्याण्णवांना अचूक निगेटिव्ह ठरवणारी तपासणी आपल्याकडे आहे आणि ती अशा १,००० लोकांवर वापरली की ज्यांच्यापैकी खरोखर बाधित केवळ ३ आहेत. ते ३ तर सापडतील, पण उरलेल्या ९९७ पैकी साधारण १० जणही चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १३ पॉझिटिव्ह अहवालांपैकी १० खोटे. हीच तपासणी अशा १,००० लोकांवर वापरली की ज्यांच्यात १०० बाधित आहेत, उदाहरणार्थ दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले किंवा एकच सुई अनेकांनी वापरून नशा करणारे, तर १०० खऱ्यांच्या जोडीला खोटे ९ च येतील. संच तोच, रसायने तीच, पण अहवालाचा अर्थ बदललेला. देशातील सर्वसाधारण लोकसंख्येत सी ची प्रतिपिंडे शेकडा एकापेक्षाही कमी लोकांत आढळतात, म्हणून कोणताही धोका न पत्करलेल्या माणसाच्या रक्तदानावेळच्या पॉझिटिव्ह अहवालाकडे पहिल्या उदाहरणाच्या चष्म्यातून पाहावे लागते. यंत्रावरच्या तपासणीत अहवालासोबत एक गुणोत्तरही छापलेले असते. ते ठरलेल्या मर्यादेच्या जेमतेम वर असेल तर निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता वाढते. हा आकडा क्वचितच कोणी वाचतो, हे खेदाचे आहे.

यावर उपाय म्हणून तीच तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत, मग तिसऱ्या प्रयोगशाळेत करत राहण्याचा मार्ग बरेच जण पत्करतात. तो मार्ग कुठेही पोहोचवत नाही. विषाणू आज रक्तात आहे का, या प्रश्नाला थेट उत्तर देणारी तपासणी एकच आहे आणि ती म्हणजे रक्तातील विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, मोजणारी पीसीआर. जिथे ती उपलब्ध नाही तिथे विषाणूच्या गाभ्यातील प्रथिन शोधणारी कोअर अँटिजेन तपासणी चालते, पण विषाणू अगदी थोडा असेल तर ती चुकू शकते. पीसीआरच्या अहवालावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असेल तर विषाणू सापडलेला नाही. ‘१५ आययूपेक्षा कमी, डिटेक्टेड’ असे असेल (आययू हे विषाणू मोजण्याचे एकक) तर विषाणू सापडला आहे, परंतु यंत्राला विश्वासाने मोजता येईल इतका नाही. दोन्ही ओळी दिसायला सारख्या वाटतात, पण दुसरीला निगेटिव्ह समजणे चूक आहे. संसर्ग अलीकडचा असण्याची शंका असेल तर पहिल्या काही महिन्यांत विषाणूचे प्रमाण वरखाली होते, म्हणून एका निगेटिव्ह पीसीआरवर न थांबता ती पुन्हा करावी लागते.

निगेटिव्ह आली की चिंता संपली, हा दावा निम्मा खरा आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे. विषाणू शरीरात शिरल्यानंतर त्याचा आरएनए एक ते दोन आठवड्यांत रक्तात दिसू लागतो, तर मोजता येतील इतकी प्रतिपिंडे तयार व्हायला बहुधा आठ ते अकरा आठवडे लागतात. या मधल्या काळात माणूस बाधित असतो, दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो आणि त्याची अँटी-एचसीव्ही मात्र स्वच्छ निगेटिव्ह येते. रुग्णालयातील कर्मचाऱ्याला वापरलेली सुई टोचली तर दुसऱ्याच दिवशी केलेली प्रतिपिंडांची तपासणी केवळ त्याची आधीची स्थिती नोंदवते. नव्या संसर्गाबद्दल ती काहीच सांगत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत त्यांच्यात प्रतिपिंडे पुरेशी तयारच होत नाहीत असेही घडते, म्हणून तिथे शंका असल्यास थेट पीसीआर करतात.

एसजीपीटी नॉर्मल असेल तर काळजी नको, हा दावा मला या सर्वांत अधिक घातक वाटतो, कारण त्यावर विश्वास ठेवणारा माणूस पुढे वीस वर्षे तपासणीलाच जात नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधले विकर आहे आणि पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. हिपॅटायटिस सी मध्ये ही पडझड संथ आणि टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे आकडा कधी वाढतो, कधी मर्यादेत येतो, आणि जुनाट संसर्ग असलेल्या सुमारे तीस टक्के लोकांत तो सतत नॉर्मलच राहतो. डोळे पिवळे होण्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही. नवा संसर्ग झालेल्या बहुतेकांना कसलेच लक्षण जाणवत नाही. (काविळीची माळ गळ्यात घालून ‘कावीळ उतरली’ असे सांगणाऱ्यांची सोय नेमकी इथेच होते, कारण लक्षणे तशीही आपोआप ओसरतात.) संसर्ग टिकून राहिलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या अवधीत सिरॉसिस (यकृत व्रणांनी निबर होणे) होऊ शकतो.

व्हायरल लोड आणि यकृताची हानी यांचा संबंध जोडणारा दावाही तसाच निराधार आहे. ५० लाख आययू इतका लोड असलेल्याचे यकृत जवळजवळ निर्दोष असू शकते आणि ५० हजार असलेल्याला सिरॉसिस असू शकतो. हानीचा अंदाज दुसरीकडून घ्यावा लागतो : यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनने, किंवा वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे विकर), एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून काढलेल्या फिब-४ या निर्देशांकाने. वयाला एसजीओटीने गुणावे, आणि प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणून आलेल्या संख्येने त्याला भागावे. समजा वय ६२, एसजीओटी ४५, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार आहेत. एसजीपीटी बहुतेक प्रयोगशाळांच्या नॉर्मल मर्यादेत आहे, पण निर्देशांक ४.२ येतो, आणि तो ३.२५ च्या वर गेला की यकृत बऱ्याच प्रमाणात निबर झाल्याचा संशय घ्यावा लागतो. म्हणजे मजकुराने ज्याला घरी पाठवले असते, त्याच माणसाला तातडीने तज्ज्ञाकडे जाण्याची गरज आहे.

आता औषधांविषयीचा दावा. तो पसरवणारे खोटे बोलत नसतात. उपचारानंतर त्यांचा अहवाल खरोखरच पॉझिटिव्ह आलेला असतो. चूक तपासणीच्या निवडीत असते. पूर्वीच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी साधारण निम्मेच रुग्ण बरे होत आणि त्यासाठी सहा महिने ते वर्षभर त्रास सोसावा लागे. आता सोफोस्बुवीर आणि डॅक्लाटासवीर किंवा सोफोस्बुवीर आणि वेल्पाटासवीर या गोळ्यांच्या बारा आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या रक्तातून विषाणू पूर्णपणे जातो. तो गेला की नाही हे ठरवायचे ते शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी केलेल्या पीसीआरवरून. त्या वेळी आरएनए सापडला नाही तर रुग्ण बरा झाला असे मानतात, आणि त्यानंतर तोच विषाणू पुन्हा उफाळल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. अँटी-एचसीव्ही मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार, कारण प्रतिपिंडे पुसण्याचे काम ही औषधे करत नाहीत. म्हणून बरे झालेल्या माणसाने ती तपासणी पुन्हा कधीही करू नये आणि बारा आठवड्यांनंतरच्या पीसीआरचा कागद मात्र जपून ठेवावा. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग होतो. रक्तपेढी मात्र अशा व्यक्तीचे रक्त तरीही घेणार नाही, आणि त्यात अपमान मानू नये. दोन गोष्टी उपचारानंतरही लक्षात ठेवाव्या लागतात : ही प्रतिपिंडे नव्या संसर्गापासून संरक्षण देत नाहीत, त्यामुळे पुन्हा धोका पत्करल्यास पुन्हा पीसीआर करावी लागते, आणि ज्यांना आधीच सिरॉसिस झाला आहे त्यांची यकृताच्या कर्करोगासाठीची सहामाही सोनोग्राफी विषाणू गेल्यावरही चालू राहते.

लसीचा मुद्दा लवकर आटोपतो. लस आहे ती हिपॅटायटिस ए आणि बी यांवर. सी वर आजही लस नाही. बी ची लस घेतलेल्याला सी होऊ शकतो. ज्यांना रक्त तपासण्याची सक्ती नसलेल्या काळात, म्हणजे साधारण गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत, रक्त चढवले गेले आहे, त्यांनी तर ही तपासणी एकदा करून घ्यावीच. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्याआधी रक्तपेढ्यांना तो शोधण्याचा मार्गच नव्हता, आणि आपल्याकडे रक्तदानानंतर सी ची तपासणी सर्वत्र सक्तीची व्हायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. बी चा मात्र या प्रकरणाशी एक खरा संबंध आहे : सी ची औषधे सुरू करण्यापूर्वी एचबीएसएजी ही बी ची रक्ततपासणी करावी लागते, कारण दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णात सी दबला की बी उसळी घेऊ शकतो.

राहिला कमाईचा आरोप. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या विषाणूच्या सर्व प्रकारांवर चालणारी औषधे आल्यापासून बहुतेक रुग्णांना विषाणूचा प्रकार ओळखणाऱ्या जीनोटाइप तपासणीची गरज उरलेली नाही, तरीही ती सांगितली जाते. उपचार चालू असताना महिन्या-महिन्याला व्हायरल लोड मोजण्यानेही बहुतेकांच्या उपचारात काही बदल होत नाही. अशा तपासणीने औषध बदलणार आहे का, हे रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावे. पण निदान पक्के करणारी पहिली पीसीआर आणि उपचारानंतरची शेवटची पीसीआर या दोन्ही अनावश्यक यादीत बसत नाहीत. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, आणि त्याच्या उपचार केंद्रांत या तपासण्या आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अँटी-एचसीव्हीचा पॉझिटिव्ह अहवाल घेऊन गेले आणि या कार्यक्रमाची चौकशी केली, की पीसीआरचा नमुना कुठे द्यायचा हे तिथे सांगितले जाते.